ओळंबा, आठ नग

हसनभाई होडेकर कुणाच्याही घरी गेले, की यजमान 'बसा' म्हणेपर्यंत त्यांची भिंतींची पाहणी झालेली असे. माणसं घराचा रंग बघतात, पडदे बघतात, फारच आगाऊ असली तर कपाटातली पुस्तकं बघतात. हसनभाई वायरी बघत. मीटरपासून निघालेली वायर कुठे वळली, पंख्याला पोहोचेपर्यंत तिला किती ठिकाणी ताणलं, फ्रिजच्या मागे तिचं काय झालं, हे त्यांना चहा येण्याआधी कळलेलं असायचं. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा टीव्हीमागे डोकावून म्हणाले, "मुन्शीजी, हिला जरा श्वास घेऊ द्या." मी दचकून बायकोकडे बघितलं. ते वायरीबद्दल बोलत होते.

मुन्शीजी म्हणजे मी. रत्नागिरीच्या एमआयडीसीत काजूबी फोडायची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात मी खरेदीचे कागद सांभाळायचो आणि यंत्रांबरोबर जाणारी माहितीपुस्तकं लिहायचो. ती पुस्तकं कुणी वाचत नाही, त्यामुळे लेखक म्हणून माझ्याविषयी कुणाचं वाईट मत नाही.

हसनभाई आमच्या वायरिंग विभागाचे प्रमुख होते. उंच, काटक, कातरलेली पांढरी दाढी, शर्टाच्या खिशात एक टेस्टर आणि सुतळीचा एक लहानसा गुंडा. बावीस वर्षं आखातात जहाजांवर वायरमनचं काम केलेलं. तिथल्या गोष्टी सांगण्याचा त्यांना नाद नव्हता. परदेशातून येताना माणसं सोनं आणतात, घड्याळं आणतात. यांनी दोनच गोष्टी आणल्या होत्या. एक, काम संपल्यावर 'खल्लास' म्हणून हात झटकण्याची सवय. आणि दुसरी पागोळी.

पागोळी हा त्यांचा धर्म नव्हे, पण त्याच्या जरा खालीच असावी. कुठलीही वायर पेटीत शिरण्याआधी ती वीतभर खाली उतरवायची आणि मग वळवून वर चढवून आत न्यायची, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत त्या वाकणाशी येतं आणि तिथूनच खाली ठिबकतं, कौलाच्या टोकावरून पागोळी पडावी तसं. पेटीत जात नाही. "पाण्याला चढ आवडत नाय," हसनभाई म्हणत. "आपल्यासारकंच हाय तां."

या तत्त्वाचं पहिलं जाहीर प्रात्यक्षिक मी पाहिलं ते कारखान्यात मोठा कॉम्प्युटर आला तेव्हा. आमचे मालक अभयशेठ तसे सज्जन आणि कष्टाळू, पण नव्या शब्दांपुढे त्यांचं काही चालत नसे. यंत्राचा प्रत्येक भाग आता कॉम्प्युटरमध्ये घनाकृतीत काढायचा, तिथेच जोडून बघायचा आणि मगच पत्र्याला हात लावायचा, असं ठरलं होतं. त्यासाठी पुण्याहून राजाध्यक्ष नावाचे सल्लागार आले होते. त्यांच्या कार्डावर नाव एका ओळीत होतं आणि पदव्या चार ओळींत. उद्घाटनाला कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला, पडद्यावर कुंकू लावलं आणि अभयशेठनी टेबलाच्या कडेवर नारळ फोडला. भाट्याच्या बागेतला नारळ, पाण्याने तुडुंब. ते पाणी टेबलावरून पसरत थेट वीजजोडणीच्या वायरीवर उतरलं आणि तिच्यावरून भिंतीतल्या सॉकेटकडे निघालं. टाळ्या थांबल्या. राजाध्यक्ष दोन पावलं मागे सरले. पाणी वायरीवरून घरंगळत आलं, सॉकेटच्या खाली वीतभर सोडलेल्या वाकणाशी पोहोचलं, थबकलं, आणि जमिनीवर टप टप पडू लागलं.

हसनभाई दारात उभे होते. जोडणी त्यांनीच केली होती. "खल्लास," ते म्हणाले आणि पेढा घेऊन निघून गेले.

त्यानंतर आठवड्याभरात राजाध्यक्षांनी सर्वांना एकत्र बोलावून यंत्राचं पहिलं मॉडेल पडद्यावर दाखवलं. माऊस तन्वी साळवीच्या हातात होता. ही आमची डिझाइन इंजिनीअर, रोज लांज्याहून एसटीने येणारी, कामात चोख आणि वरिष्ठांपुढे गप्प. यंत्र पडद्यावर गरगर फिरत होतं, चकाकत होतं. खऱ्या यंत्राला कधी इतकी चकाकी आली नव्हती. बाजूला विजेच्या पेटीचं दार, दारावर बटणं, आत रंगीत वायरी, अगदी पट्टीने आखल्यासारख्या.

"दार उघड बाय," हसनभाई मागून म्हणाले.

"दार उघडणं आज प्रेझेंटेशनमध्ये नाहीये," राजाध्यक्ष म्हणाले.

"दार हाय ना? मग ते कोणीतरी उघडणारच."

तन्वीने एकदा सरांकडे, एकदा हसनभाईंकडे बघितलं आणि दार फिरवलं. दार उघडलं. वायरी जिथल्या तिथेच राहिल्या. बत्तीस वायरी, हवेत बोटं रोखून, दार जिथे होतं तिथे बघत उभ्या.

"शेठ," हसनभाई गंभीरपणे म्हणाले, "दार गेलं सासरी, वायरी माहेरीच ऱ्हायल्या."

सगळे हसले. राजाध्यक्ष हसले नाहीत. वायरी मॉडेलमध्ये इतक्या बारकाईने काढायच्याच नसतात, असं त्यांनी समजावलं. दोन टोकांमधलं जवळचं अंतर घ्यायचं, त्यात दहा टक्के मिळवायचे, तेवढी वायर कापायची. जगभर असंच चालतं म्हणे. पुढच्या दोन यंत्रांवर तसं करून बघितलं. एकात चार वायरी पोहोचल्या नाहीत. दुसऱ्यात इतक्या उरल्या, की पेटीत शेवया कोंबल्यासारखं दिसत होतं. जगाचं कसं चालतं हा प्रश्न मला त्यानंतर अधूनमधून पडतो.

तेव्हा एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत हसनभाई तन्वीच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मला शिकव." वय सत्तावन्न. माऊस त्यांनी पहिल्यांदा धरला तो खेकडा धरावा तसा, मागून आणि सावधपणे. तन्वीने नवशिक्याला देतात तो धडा दिला. एक अर्धी बाह्यरेषा काढायची आणि ती आसाभोवती फिरवायची, की भरीव वस्तू तयार होते. बाकीचे लोक यातून पेला करतात, नाहीतर बाटली. हसनभाईंनी गवंड्याचा ओळंबा केला. वर गोल, खाली निमुळता, टोकाशी टोकदार. त्याला दोरा लावला आणि पितळी रंग दिला. मग पुष्कळ वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"हा लोंबत का नाय?" त्यांनी विचारलं.

"इथे गुरुत्वाकर्षण नसतं चाचा. ठेवाल तसं राहतं."

"म्हंजे खाली कुठं ते ह्याला म्हाइतच नाय?"

"नाही."

"मग वायरीला कसं कळायचं?"

तन्वीने तो प्रश्न वहीत लिहून घेतला. राजाध्यक्षांना तो कुणी विचारला नाही.

चार महिन्यांत हसनभाई स्वतः वायरी काढू लागले. त्यांची पद्धत त्यांचीच होती. आधी खिशातली सुतळी काढून यंत्राच्या खऱ्या सांगाड्यावरून न्यायची, जिथे बांधायची तिथे गाठ मारायची, दाराची उघडझाप करून सुतळी कुठे अडकते ते बघायचं. मग मॉडेलमध्ये गाठीच्या जागी एकेक खुंटी मारायची आणि खुंट्यांवरून वायर वळणं घेत न्यायची. सुतळी उलगडून मोजायची आणि कॉम्प्युटरने सांगितलेल्या लांबीशी ताडून बघायची. कॉम्प्युटरची वायर नेहमी चार बोटं कमी भरे. "ही कामसू हाय," ते पडद्यातल्या वायरीकडे बोट दाखवून म्हणत. "खरी वायर आळशी असते बाय. ती सैल पडते, वळताना कुरकुरते. आळस धरून मोज." तन्वीने तो आळस प्रत्येक वळणाला कसा मोजायचा याचं एक कोष्टक बनवलं. त्याच्या मथळ्यावर तिने खरोखरच 'आळस' असं लिहिलं होतं. राजाध्यक्षांनी ते खोडून 'अलाउन्स' केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा 'आळस' झालेलं होतं.

असं सगळं बरं चाललेलं असताना आफ्रिकेची ऑर्डर आली.

पूर्व आफ्रिकेतल्या एका बंदराजवळच्या काजू कंपनीला आठ यंत्रं हवी होती. यंत्रं सुटी करून पेट्यांतून पाठवायची, तिथले लोक ती जोडणार. आजवर आमचं यंत्र जाई तिथे हसनभाई किंवा त्यांचा एखादा माणूस जाई आणि जागेवर बसून वायरी कापून जोडी. आता तसं चालणार नव्हतं. वायरी इथेच मापून, कापून, टोकांना क्रमांक लावून, जुड्या बांधून द्यायच्या. आणि एक अट होती. त्यांचे तपासनीस दोन फिटर घेऊन रत्नागिरीला येतील, आठांपैकी कुठलंही एक यंत्र निवडतील आणि ते फिटर केवळ आमची चित्रं बघून ते जोडतील. आमच्या माणसाने हात लावायचा नाही, तोंड उघडायचं नाही. पेटीतली प्रत्येक वस्तू यादीत असली पाहिजे आणि यादीतली प्रत्येक वस्तू पेटीत. एक जरी वायर पोहोचली नाही, तरी ऑर्डर रद्द.

राजाध्यक्षांनी सुचवलं, की हे काम पुण्यातल्या एका तज्ज्ञ संस्थेला द्यावं. फक्त हेच नव्हे, सगळंच वायरिंग. अभयशेठ दोन दिवस हिशेब करत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी हसनभाईंना माझ्या टेबलासमोर गाठलं.

"हसनभाई, ही एक ऑर्डर तुमच्या पद्धतीने करू. बसली तर प्रश्नच नाही. नाही बसली, तर वायरिंगचं टेबल मला इथे ठेवता येणार नाही. तुम्हाला मी दुसरं काम देईन, पण..."

"माझं सोडा शेठ," हसनभाई म्हणाले.

वायरिंगच्या टेबलावर अकरा बायका काम करत. आसपासच्या गावांतल्या; काहींचे नवरे मुंबईला, काहींचे होडीवर. त्यांची पुढारीण शुभांगी पाष्टे. तिच्या बोटांतून जुडी अशी बांधून निघे, की बाजारात कोथिंबिरीलाही तेवढा मान मिळत नाही. तिला बातमी कळायला पाच मिनिटं लागली.

"काय ओ चाचा, आमच्या अकरा चुली तुमच्या सुतळीवर टांगल्यात म्हनं शेठनी?"

"होय गो."

"सुतळी नवी घ्या मग. ही कुजलेली दिसतेय."

हसनभाईंनी खरंच नवी सुतळी आणली.

पुढचे पाच आठवडे त्यांनी आणि तन्वीने मिळून यंत्रातली एकूण एक वायर मॉडेलमध्ये घातली. शुभांगी लाकडी फळीवर खिळे मारून, कॉम्प्युटरने दिलेल्या चित्राबरहुकूम जुडी बांधे आणि चूक दिसली की फळी घेऊन थेट डिझाइनच्या खोलीत येई. "ह्या वळणाला जुडी मोडतेय. तुमच्या वायरीला हाडं नसतील, माझ्या जुडीला हायत." मग वळण मोठं केलं जाई. हसनभाई तिच्याशी वाद घालत नसत. ते फक्त राजाध्यक्षांशी घालत, आणि तोही न बोलता.

मग ती चूक झाली, आणि ती राजाध्यक्षांची नव्हती. ती हसनभाईंची होती.

काजूबिया जिथून घरंगळत खाली येतात त्या पत्र्याच्या भागाला कारखान्यात 'घसरगुंडी' म्हणतात. तिच्यावर थरथर मोजणारी आणि बिया मोजणारी उपकरणं, म्हणून तिथेच सर्वांत जास्त वायरी, आणि वाफ आणि धुण्याचं पाणीही तिथेच जास्त. घसरगुंडीचा सांगाडा आमच्याकडे नेहमी जमिनीवर आडवा पडलेला असतो, कारण उभा केला तर तो वाटेत येतो. ज्याने तिचं मॉडेल काढलं त्याने ती जशी रोज बघितली तशीच काढली, आडवी. हसनभाईंनी त्या आडव्या मॉडेलमध्ये चाळीस वायरी घातल्या. प्रत्येकीला पागोळी दिली, मन लावून. आणि मग तन्वीने ती घसरगुंडी मुख्य यंत्रात नेऊन उभी केली.

चाळीसच्या चाळीस पागोळ्या आडव्या झाल्या. काही तर वर वळल्या होत्या, पाणी पेटीत सोडायला सोय केल्यासारख्या.

तपासनीस यायला दोन आठवडे होते. मला वाटलं हसनभाई आता रागावतील, किंवा निदान घसरगुंडी आडवी काढणाऱ्याची आठवण काढतील. त्यांनी चष्मा पुसला.

"बावीस वर्षं बोटीवर काढली," ते म्हणाले. "बोट किती पन हलली, तरी खाली कुठं ते पायाला कळायचं. हितं खुर्चीवर बसून मी विसरलो."

मग त्यांनी माऊस हातात घेतला, जुन्या फायलींतून आपला तो पहिला धडा शोधून काढला आणि घसरगुंडीत आणून टांगला. ओळंबा. यंत्र उभं असताना तो जसा लोंबेल, तसा. "आता ह्याच्याकडे बघून काढायचं. ह्याला विचारल्याशिवाय एक वायर वळवायची नाय." तन्वीने विजेच्या पेटीतही एक टांगला, मग वाफेच्या भागात, मग सगळीकडेच. आमच्या यंत्राच्या प्रत्येक चित्रात त्या दिवसापासून एक पितळी ओळंबा लोंबू लागला. चाळीस वायरी दहा दिवसांत नव्याने निघाल्या, शुभांगीने चाळीस पुन्हा बांधल्या, आणि बांधताना हसनभाईंबद्दल जे बोलली ते प्रेमाचं असलं तरी लिहिण्याजोगं नाही.

इथे माझा प्रवेश आहे. तो छोटा आहे आणि मला तो गाळता आला असता तर बरं झालं असतं.

मॉडेल पूर्ण झालं, की कॉम्प्युटर त्यातल्या भागांची यादी आपोआप करतो. स्वतः टांगलेल्या सगळ्या ओळंब्यांना यादीतून वगळायचं तन्वीच्या लक्षात होतं. घसरगुंडीतला पहिला मात्र हसनभाईंनी स्वतः टांगलेला, तो राहून गेला. ती यादी ग्राहकाकडे गेली आणि माझ्याकडेही आली. एकशे बारावी ओळ: 'ओळंबा, पितळी, एक नग.' गुणिले आठ. माझ्या हुद्द्याच्या माणसाने यादीला प्रश्न विचारायचे नसतात, हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकलो होतो. मी बाजारात गेलो. दुकानदार म्हणाला, "इमला बांधताय काय?" त्याच्याकडे पाच होते. उरलेले तीन तन्वीने लांज्याहून एसटीतून आणले, आणि माझ्या हातात देताना तिनेही काही विचारलं नाही. तिला वाटलं, मी घर बांधतोय.

पेट्या भरताना हा प्रकार उघडकीला आला. राजाध्यक्ष कमालीचे संतापले. गवंड्याचं हत्यार निर्यातीच्या यंत्रात! ते तत्काळ काढा म्हणाले. पण यादी ग्राहकाकडे पोहोचली होती, आणि यादीतलं ते पेटीत हवंच होतं. अभयशेठनी डोक्याला हात लावला. हसनभाईंनी पेटीतून ओळंबा उचलला, दोरा बोटाला अडकवून जरा लोंबता धरला.

"मुन्शीजी," ते म्हणाले, "चांगला घेतलात. वजनदार हाय."

तपासनीस आले. किरकोळ अंगाचे, बोलायला महाग गृहस्थ. त्यांनी पाचवं यंत्र निवडलं. जुमा नावाचा एक धिप्पाड फिटर आणि त्याचा एक जोडीदार कामाला लागले. आम्ही सगळे दहा हात दूर, मध्ये हसनभाईंच्याच सुतळीची सीमारेषा. पुढे अभयशेठ आणि राजाध्यक्ष, मागे अकरा बायका, आणि एका कडेला हसनभाई, हात पाठीमागे बांधून.

सकाळभर वायरी बसत गेल्या. जुमा जुडीचं टोक धरी, क्रमांक वाचे, चित्र बघे, आणि वायर जिथे पोहोचायची तिथे पोहोचे, वर बोटभर उरे. विजेच्या पेटीचं दार लागलं, उघडलं, लागलं. एकही वायर ताणली नाही. प्रत्येक टोक बसलं, की मागून शुभांगी पुटपुटे, "बस गो बाय." ती आपल्या मैत्रिणींना सांगत नव्हती.

दुपारी घसरगुंडीची जुडी आली. जुमाने ती सांगाड्याला लावली, बांधली, आणि शेवटचं टोक पेटीकडे ओढलं. हातभर कमी पडलं.

त्याने पुन्हा ओढलं. राजाध्यक्षांनी अभयशेठकडे बघितलं. अभयशेठनी जमिनीकडे. मी हसनभाईंकडे बघितलं. त्यांचे पाठीमागचे हात एकमेकांत इतके घट्ट होते, की बोटं पांढरी झाली होती. मला नंतर त्यांनी सांगितलं, की जुमाने काय केलं ते त्यांना पहिल्याच क्षणी दिसलं होतं. जुमाने जुडी उलटी फिरवून लावली होती. पागोळ्या वर आल्या होत्या आणि सगळी लांबी नको तिथे खर्च झाली होती. तीन शब्दांत सांगता आलं असतं. सांगायचं नव्हतं.

"चाचा, खोका तरी," शुभांगी कुजबुजली.

हसनभाई खोकले नाहीत.

जुमाने चित्र उजेडाकडे धरलं. बराच वेळ बघितलं. मग त्याने चित्रातल्या एका जागेवर बोट ठेवलं, जोडीदाराला काही म्हणाला, आणि दोघे सामानाच्या पेटीकडे जाऊन कागदाच्या गुंडाळ्या उलगडू लागले. जोडीदाराने ओळंबा बाहेर काढला. जुमाने तो चित्रात दाखवलेल्या जागी, सांगाड्याच्या हुकाला टांगला आणि हात सोडला. ओळंबा झोके घेऊ लागला. सगळा कारखाना त्याच्याकडे बघत होता. तो थांबला. जुमाने ओळंब्याकडे बघितलं, जुडीकडे बघितलं, चित्राकडे बघितलं. आणि मग त्याने आपल्याच कपाळावर एक चापटी मारली, बांधलेले पट्टे कापले, जुडी फिरवली, पागोळ्या खाली सोडल्या. टोक पेटीत गेलं. बोटभर उरलं.

मागे अकरा बायकांनी एकदमच श्वास सोडला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

तपासनीस उठले. त्यांनी यंत्र चालू करायला लावलं, आणि चालू यंत्रावर स्वतः पाण्याची नळी धरली. वरून, बाजूने, पेटीवर, घसरगुंडीवर, आमच्याकडच्या पावसालाही संकोच वाटावा इतकं. प्रत्येक पागोळीच्या टोकाशी थेंब जमले आणि खाली पडत राहिले. यंत्र चालतच होतं. त्यांनी नळी बंद केली, पेटीचं दार उघडलं आणि आत हात फिरवून तळवा उजेडात बघितला. कोरडा.

मग त्यांनी ओळंब्याला बोटाने टिचकी मारली आणि त्या दिवसातला त्यांचा सर्वांत लांब प्रश्न विचारला. ही कल्पना कुणाची?

राजाध्यक्षांनी घसा साफ केला. पण अभयशेठनी, मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच, नवा शब्द न वापरता हसनभाईंच्या खांद्यावर हात ठेवला. हसनभाईंनी सुतळीची सीमारेषा सोडली, गुंडाळून खिशात घातली आणि शुभांगीकडे वळून म्हणाले, "खल्लास." शुभांगीने डोळे पुसत त्यांना सांगितलं, की पुन्हा असं काही करायचं असेल तर आधी तिच्यासाठी डॉक्टर बोलवावा.

वायरिंगचं टेबल हललं नाही. उलट पुढच्या वर्षी ते दोन टेबलांचं झालं, कारण त्याच ग्राहकाने आणखी यंत्रं मागवली. त्यांच्या मागणीपत्रात एक ओळ होती. तिचं काय करावं ते आमच्या कुणाला सुचेना, म्हणून मी ती फ्रेम करून माझ्या टेबलामागे लावली. इंग्रजी अक्षरांत, पण शब्द आपलाच: 'ओळंबा, प्रत्येक यंत्रास एक नग, पूर्वीप्रमाणे.' यंत्रांच्या माहितीपुस्तकातलं पहिलं वाक्य आता 'सर्वप्रथम ओळंबा टांगा' असं आहे. माझ्या लिखाणातलं कुणीतरी वाचलेलं आणि अमलात आणलेलं हे एकमेव वाक्य.

हसनभाई साठाव्या वर्षी निवृत्त झाले. अभयशेठनी समारंभ केला. मंडप, शाल, श्रीफळ, काचेचं स्मृतिचिन्ह आणि 'जोडणी' या विषयावर पाऊण तास बोलणारे प्रमुख पाहुणे. ते भाषण ऐन रंगात असताना सत्कारमूर्ती खुर्चीवरून उठली. माईकची वायर स्टेजवर ताणलेली होती, पाहुण्यांच्या चपलेपासून दोन बोटांवर. हसनभाईंनी ती सोडवली, टेबलाच्या पायामागून वळवली, सैल केली, खिशातल्या सुतळीने बांधली आणि पुन्हा जाऊन बसले. पाहुणे पडले नाहीत. पडले असते, तर भाषण लवकर संपलं असतं, असं काहींचं म्हणणं आहे.

उत्तरादाखल ते दोनच वाक्यं बोलले. "वायर दिसली नाय, तर काम चांगलं. आज तुमी मला एवढं दाखवताय, म्हंजे माजं काय तरी चुकलेलं असनार." आणि शाल सावरत खाली उतरले.

मी त्यांना शेवटचं कामावर बघितलं ते त्याच संध्याकाळी. मंडप सुटत होता. फाटकाशी त्यांची स्कूटर उभी होती, पण ते तिथे नव्हते. शेडमध्ये नव्या खेपेचं एक यंत्र चाचणीसाठी उभं केलेलं होतं. मॉडेल तन्वीचं, जुड्या शुभांगीच्या. हसनभाईंनी त्यातल्या एकाही वायरीला हात लावलेला नव्हता. ते त्याच्यासमोर उभे होते, एका काखेत शाल, दुसऱ्या हातात नारळ. त्यांनी नारळ खाली ठेवला. पेटीचं दार उघडलं, लावलं, उघडलं. घसरगुंडीशी वाकून एका पागोळीखाली बोट धरलं, जणू थेंब पडायचा आहे. वळताना शालीचं टोक ओळंब्याला लागलं आणि तो हलू लागला.

ते निघाले नाहीत. ओळंब्याचे झोके लहान लहान होत गेले. तो पुरता थांबला, तेव्हा त्यांनी दार लावलं, नारळ उचलला आणि फाटकाकडे चालू लागले.